इंजेक्शननंतरचे तीन महिने

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडी या दत्तक्षेत्रात आणि आसपासच्या कुरुंदवाड, औरवाड, शिरोळ या गावांत सांधे, कंडरा आणि न भरणाऱ्या जखमा यांवर उपचार करताना रुग्ण कोणत्या कामातून आला आहे, हे दुखण्याच्या जागेवरूनच बऱ्याचदा ओळखता येते. खवा आटवणाऱ्याचे कोपर, नाव वल्हवणाऱ्याचा खांदा, ऊस तोडणाऱ्या बाईचा हात, तासन्‌तास मांडी घालून अनुष्ठानाला बसणाऱ्याचा गुडघा आणि अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेह्याचा तळवा अशी ही दुखणी गावाच्या व्यवसायांशी आणि क्षेत्राच्या रिवाजांशी बांधलेली असतात. या सर्वांवर गेल्या काही वर्षांत सुचवला जाऊ लागलेला एक समान उपाय म्हणजे पीआरपी, अर्थात रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त रक्तद्रव दुखऱ्या जागी टोचणे. या उपायाचा अनेक वर्षे वापर केल्यानंतर येथील कामातून हाती येणारा निष्कर्ष असा की, नळीत काय तयार झाले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व इंजेक्शननंतरच्या तीन महिन्यांत रुग्णाने काय केले याला असते. आणि हे तीन महिने रुग्णाच्या स्वतःच्या हातात आहेत की मुकादमाच्या, हे विचारल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.

प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, या अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून सुटलेले, केंद्रक नसलेले सूक्ष्म तुकडे असून त्या साधारण सात ते दहा दिवस जगतात आणि निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात त्यांची संख्या दीड ते साडेचार लाख असते. इटलीतील ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी 1882 साली रक्त गोठण्यातील त्यांचे कार्य दाखवून दिले आणि त्यानंतर बराच काळ त्यांच्याकडे रक्तस्राव थांबवणारा घटक म्हणूनच पाहिले गेले. पुढे असे आढळले की त्यांच्या आत अल्फा कणिका नावाच्या पिशव्या असतात आणि जखमेशी संपर्क येताच त्यांतून वृद्धिघटक बाहेर पडतात. वृद्धिघटक म्हणजे शेजारच्या पेशींना वाढण्याचे, नव्या रक्तवाहिन्या घडवण्याचे आणि तंतू विणण्याचे संदेश देणारी प्रथिने. हे संदेश एके जागी दाट करून दिले तर दुरुस्ती वेगाने व्हावी, या तर्कावर ही पद्धत उभी आहे. अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये जबड्याच्या हाडाच्या कलमात तिचा वापर केल्यानंतर ती दंतवैद्यकातून अस्थिरोगशास्त्रात आली, आणि नामवंत खेळाडूंनी ती घेतल्याच्या बातम्यांमुळे 2010 च्या सुमारास सर्वांच्या तोंडी झाली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्या वर्षी स्नायूत दिल्या जाणाऱ्या पीआरपीवर घातलेली बंदी 2011 मध्ये उठवली, यावरूनही तिच्याकडून आधी किती मोठ्या परिणामाची धास्ती होती आणि नंतर ती कशी निवळली, हे दिसते.

तयारीची कृती कागदावर सोपी आहे. रुग्णाच्या शिरेतून 20 ते 30 मिलिलीटर रक्त घेऊन ते गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या नळ्यांत भरतात आणि सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवतात. पहिल्या मंद फेरीत जड लाल पेशी तळाशी बसतात. वरचा पिवळसर द्रव दुसऱ्या नळीत घेऊन अधिक वेगाने फिरवला की प्लेटलेट तळाशी जमतात, आणि वरचा बराचसा द्रव काढून टाकल्यावर उरलेल्या तीन ते पाच मिलिलीटरमध्ये त्यांचे प्रमाण मूळच्या तिप्पट ते पाचपट व्हावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ही अपेक्षा दरवेळी पुरी होत नाही. यंत्राच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवरून नळीवर पडणारा जोर कळत नाही, कारण तो जोर नळी केंद्रापासून किती अंतरावर फिरते यावरही अवलंबून असतो. म्हणून एका दवाखान्यातील फेऱ्यांचा आकडा दुसऱ्या दवाखान्यातील वेगळ्या यंत्राला तसाच लावला तर प्लेटलेट एकतर लाल थरातच अडकून राहतात किंवा जास्त दाबाने चेंबतात. ग्रामीण भागात भर पडते ती विजेची, कारण फेरी अर्ध्यावर असताना वीज गेली की थर पुन्हा मिसळतात आणि नमुना वाया जातो; त्यामुळे यंत्र इन्व्हर्टरवर घेणे ही येथील पहिली गुंतवणूक ठरते. नळीत पिवळा द्रव दिसला म्हणजे औषध तयार झाले असे नव्हे. रुग्णाच्या मूळ रक्तातील आणि तयार द्रवातील प्लेटलेटची मोजणी प्रयोगशाळेतून करून घेण्याची शिस्त पाळली तर पुष्कळ अपयशांचे कारण सुई टोचण्यापूर्वीच कागदावर दिसते.

पांढऱ्या पेशी त्या द्रवात ठेवायच्या की टाळायच्या, हा निर्णयही आधीच घ्यावा लागतो. त्या असल्यास दाह वाढतो, म्हणून जीर्ण कंडरेसाठी त्या चालतात असे मानणारे वैद्यक गुडघ्याच्या सांध्यात मात्र पांढऱ्या पेशी कमी असलेला द्रव पसंत करतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. तिला रक्तपुरवठा थोडा असल्यामुळे तिची दुरुस्ती मुळातच सावकाश चालते. कोणत्याही ऊतीची दुरुस्ती तीन टप्प्यांनी होते: पहिले काही दिवस दाहाचे, पुढचे काही आठवडे नव्या पण कच्च्या तंतूंच्या भरणीचे, आणि त्यानंतरचे कित्येक महिने त्या तंतूंना ताणाच्या दिशेने लावून पक्के करण्याचे. पीआरपीने थंडावलेली प्रक्रिया पहिल्या टप्प्यापासून पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न होतो, आणि म्हणूनच इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस दुखणे वाढते. या काळात दाह मारणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर ज्यासाठी इंजेक्शन दिले तीच क्रिया दबण्याचा संभव असल्याने त्या आधी आणि नंतरही काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. हृदयविकारासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र त्या तज्ज्ञाला विचारल्याविना बंद करायची नसते, आणि हा अपवाद प्रत्येक चिठ्ठीवर वेगळा लिहावा लागतो.

पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नृसिंहवाडीत खवा आटवणे हे बारमाही काम आहे आणि गुरुवारी, पौर्णिमेला व दत्तजयंतीच्या सुमारास ते कित्येक पटींनी वाढते. जड कढईत तासन्‌तास ढवळताना मनगट मागे वळवून धरणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी झिजते. याच विकाराला टेनिस एल्बो म्हणतात, जरी या भागातील बहुतेक रुग्णांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. अशा एका कारागिराला आधी दुसरीकडे स्टिरॉइडची इंजेक्शने मिळाली होती, प्रत्येक वेळी आठवडाभरात हात मोकळा झाला होता आणि काही महिन्यांनी दुखणे पूर्वीपेक्षा जोराने परतले होते. पीआरपीनंतर चौथ्या दिवशी तो सुजलेले कोपर घेऊन आला आणि पैसे देऊन दुखणे विकत घेतले, असे म्हणाला. त्याला सांगितल्याप्रमाणे त्याने महिनाभर कढई पुतण्याच्या हाती दिली, दुसऱ्या आठवड्यापासून हलके ताण आणि पुढे वजन हळूहळू खाली सोडण्याचे व्यायाम केले, लांब दांड्याचे उलथणे करून घेतले आणि दोन्ही हात आलटून-पालटून वापरण्याची सवय लावली. दहाव्या-बाराव्या आठवड्यात तो पूर्ण कामावर परतला. या यशात रक्तद्रवाचा वाटा किती, उलथण्याच्या दांड्याचा किती आणि नुसत्या विश्रांतीचा किती, हे वेगळे करून सांगणे मात्र प्रामाणिकपणे शक्य नाही.

ही सावधगिरी संशोधनातूनही शिकायला मिळते. नेदरलँड्समध्ये 100 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर वेदनेच्या मोजमापावर पीआरपी घेतलेल्यांपैकी 73 टक्के, तर स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 49 टक्के रुग्णांना यशस्वी ठरवले गेले, आणि या निकालाने अनेक वैद्यकांना या पद्धतीकडे वळवले. पुढे 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणीत असे दिसले की वर्षअखेर स्टिरॉइड घेतलेल्यांची स्थिती निष्क्रिय इंजेक्शन घेतलेल्यांहूनही वाईट होती. म्हणजे पहिल्या चाचणीतील फरकाचा काही भाग पीआरपीच्या गुणापेक्षा स्टिरॉइडच्या दोषाचा असू शकतो. कॉक्रेन या संस्थेने 2021 मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासून कोपराच्या या दुखण्यात पीआरपीचा निष्क्रिय इंजेक्शनपेक्षा लक्षणीय लाभ बहुधा नाही, असा निष्कर्ष काढला. टेनिस एल्बोचे बहुसंख्य रुग्ण वर्षभरात आपोआप सुधारतात, हेही त्यासोबत ध्यानात ठेवावे लागते. या सर्वांचा व्यवहारातील अर्थ असा लावता येतो की, सहा महिने व्यायाम आणि कामातील बदल मनापासून करूनही न सुधारलेल्या, स्टिरॉइडने थकलेल्या मोजक्या रुग्णांपुरता हा उपाय राखून ठेवावा आणि त्यांनाही खात्रीचा शब्द देऊ नये.

तेच कोपर आणि तेच इंजेक्शन असूनही ऊसतोड करणाऱ्या बाईच्या बाबतीत निकाल उलटा लागतो, आणि येथील कामाला वळण देणारा अनुभव हाच होता. शिरोळ तालुका उसाचा. गाळपाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. नवरा-बायकोची जोडी, जिला एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन हंगामाला बांधलेली असते आणि तोडलेल्या उसावर ती फेडली जाते. अशी एक कामगार ऐन हंगामात पीआरपी घेऊन आठव्या दिवशी फडात परतली, कारण तिच्याविना जोडी मोडते आणि उचल अंगावर राहते. कच्चे तंतू भरण्याच्या नेमक्या काळात कोयत्याचे घाव आणि मोळीचे ओझे त्या कंडरेवर पडल्याने महिन्यानंतर दुखणे होते तिथेच राहिले, आणि औषधावर गेलेले काही हजार रुपये उचलीत मिळवले गेले. वाफसा नसलेल्या रानात खत टाकून पीक येत नाही, ही गोष्ट शेतात वाढलेल्या त्या बाईला समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिला गरज होती ती तारीख बदलून देण्याची. तेव्हापासून अशा रुग्णांना हंगामात मनगटाचा आधारपट्टा, शेक आणि कामातील छोटे बदल यांवर चालवून इंजेक्शनचा विचार गाळप संपल्यावर करणे, आणि तोवर दुखणे कमी झाले असल्यास तो सोडूनच देणे, हा येथील शिरस्ता झाला.

गुडघ्याच्या बाबतीत अपेक्षा सर्वांत मोठी आणि निराशाही तेवढीच असते. गुडघ्यातले वंगण संपले, गादी झिजली, ती या इंजेक्शनने पुन्हा भरते, असे सांगणारा कोणीतरी प्रत्येक रुग्णाला आधीच भेटलेला असतो. गादी म्हणजे कूर्चा, हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत 78 रुग्णांच्या 156 गुडघ्यांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत पीआरपी घेतलेल्यांचे दुखणे मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले, मात्र सहा महिन्यांशी तो लाभ थोडा ओसरू लागला होता. त्यानंतर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षअखेर शून्य ते दहाच्या मापावर पीआरपी गटाची वेदना सरासरी 2.1 अंकांनी, तर मिठाच्या पाण्याच्या गटाची 1.8 अंकांनी घटली. दोन्हींतील फरक नगण्य ठरला आणि कूर्चेच्या झिजेतही फरक आढळला नाही. म्हणून कूर्चा पुन्हा उगवण्याचे आश्वासन हे आजच्या ज्ञानानुसार खोटे आश्वासन आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

तरीही गुडघ्यासाठी हा उपाय पूर्ण टाकून देता येत नाही, कारण मध्यम वयाच्या, झीज थोडी आणि पाय सरळ असलेल्या काही रुग्णांना सहा ते नऊ महिन्यांचा दिलासा मिळताना दिसतो. अनुष्ठाने आणि पारायणे करणाऱ्या एका पुरोहिताला असा दिलासा मिळाला; पण त्याच काळात त्याने मांडीऐवजी उंच पाटावर बसण्याची मुभा घेतली, वजन उतरवले आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम चालू ठेवले होते. याउलट पाय बाहेरच्या बाजूला वाकलेल्या, हाडे एकमेकांना भिडलेल्या एका वृद्ध बाईने मुंबईच्या मुलाने पाठवलेल्या पैशांतून लागोपाठ तीन इंजेक्शने दुसरीकडे घेतली, त्यांतून काहीही साधले नाही आणि शेवटी सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला मिरजेला जावे लागले. 1894 साली विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून उपचारांचे केंद्र म्हणून ओळखली जाणारी मिरज येथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे; तेव्हा ज्याला शस्त्रक्रियाच लागणार आहे त्याला इंजेक्शनांवर झुलवत ठेवण्याला अंतराचे कारणही पुढे करता येत नाही.

गुण कशाने आला, हा प्रश्न दत्तक्षेत्रात आणखी एका अंगाने येतो. इंजेक्शनसाठी गुरुवारच हवा असे म्हणणारे, पादुकांचे तीर्थ घेऊनच दवाखान्यात येणारे आणि बरे वाटल्यावर पेढे घेऊन येताना श्रेय महाराजांना देणारे रुग्ण येथे नेहमीचे आहेत. मिठाचे पाणी टोचलेल्या गटातही वेदना जवळपास तेवढीच कमी होते हे वाचल्यानंतर या श्रेयाबद्दल वाद घालण्याचा अधिकार डॉक्टरकडे फारसा उरत नाही. रुग्णाचा विश्वास, त्याला मिळालेले लक्ष आणि काळाचा स्वाभाविक परिणाम हे तिन्ही उपचाराचेच भाग असतात. मात्र त्यांच्या जोरावर आलेली सुधारणा औषधाच्या नावावर विकणे, हा प्रकार वेगळा आणि अनुचित आहे.

न भरणाऱ्या जखमांचा अनुभव मात्र तुलनेने आशादायक आहे. मधुमेहात तळव्याची संवेदना बोथट होते. तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना आलेला फोड कळत नाही आणि तो फुटून झालेला व्रण महिनोन्‌महिने तसाच राहतो. कॉक्रेनच्या 2016 च्या आढाव्यानेही मधुमेही पायाच्या व्रणांत पीआरपीचा उपयोग होत असावा, असे म्हटले आहे, जरी त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचे तिथेच नमूद आहे. येथे पाळला जाणारा क्रम असा: आधी पायाचा रक्तपुरवठा तपासायचा, हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला नाही याची खात्री करायची, मृत ऊती काढायची, साखर आटोक्यात आणायची आणि मगच पीआरपी व्रणाच्या कडांत टोचून उरलेले जेलच्या रूपात वर पसरायचे. पुढे आठवड्याच्या आठवड्याला पट्टी बदलताना व्रणाची लांबी-रुंदी मोजून लिहायची आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या तळव्यावरचा भार काढायचा. भार काढल्याविना कोणताही रक्तद्रव चालत नाही, आणि नेमाच्या प्रदक्षिणा सोडायला तयार नसलेल्या भक्ताला हे पटवणे हे टोचण्यापेक्षा कितीतरी अवघड काम असते. काही रुग्णांनी व्रण भरेपर्यंत नेम घरात बसून नामस्मरणाने पुरा करण्याचे मान्य केले, आणि त्यांचेच व्रण बहुधा आधी भरले.

या गावात जखमेच्या उपचाराला नदीचेही वेळापत्रक लागू होते. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांच्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील गावे वेढली, रस्ते तुटले, माणसे छावण्यांत गेली आणि आठवड्याची पट्टी आठवड्याला बदलणे अशक्य झाले. पुराचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा होणाऱ्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करण्याची ओढ अनेकांना असते, आणि उघडा व्रण घेऊन गढूळ पाण्यात उतरणे म्हणजे पाय गमावण्याची जोखीम असते. अशा रुग्णाशी पाय कोरडा ठेवून तीर्थ मस्तकी घेण्यावर तडजोड करावी लागते. सखल वस्तीत राहणाऱ्यांचे पीआरपीचे उपचार आषाढ-श्रावणात सुरू न करता उन्हाळ्यात किंवा दसऱ्यानंतर घेणे, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसली तरी येथे अनिवार्य ठरते.

रुग्णाचेच रक्त असल्याने धोका नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. ॲलर्जीची भीती कमी असते, परंतु नळी, सुई आणि हात निर्जंतुक नसतील तर स्वतःचे रक्तही सांध्यात पू करू शकते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात चेहऱ्यावर पीआरपीची सुई फिरवणाऱ्या एका विनापरवाना सौंदर्यकेंद्रातून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल तेथील रोगनियंत्रण केंद्राने 2024 मध्ये प्रसिद्ध केला. केस आणि त्वचेसाठी हीच पद्धत गल्लोगल्ली जाहिरातीत आलेली असताना हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्लेटलेट फार कमी असलेल्या, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या, अंगात जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असलेल्या व्यक्तींना हा उपचार सहसा टाळला जातो. डेंग्यूच्या साथीत पेशी कमी झाल्याची चर्चा ऐकलेले काही रुग्ण या इंजेक्शनने रक्तातल्या पेशी वाढतील असे समजून येतात. त्यांना हा द्रव एका जागेपुरता काम करतो आणि अंगातील प्लेटलेटची संख्या त्याने वाढत नाही, हे समजावून परत पाठवावे लागते.

एकंदरीत पीआरपी ही निरुपयोगी पद्धत नाही आणि चमत्कारही नाही. तिच्या यशाचे प्रमाण रुग्ण नीट निवडला तर बरे, आणि सरसकट वापरली तर मिठाच्या पाण्याइतकेच, हा तिच्याबद्दलचा आजचा न्याय्य हिशेब आहे. म्हणून ज्यांना हे इंजेक्शन सुचवले गेले असेल त्यांनी होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न विचारावेत: नेमके निदान काय आहे, व्यायामाचा पूर्ण प्रयत्न आधी झाला आहे का, द्रवातील प्लेटलेटची मोजणी होणार आहे का, सुई सोनोग्राफीत पाहून टोचली जाणार आहे का, आणि उपयोग झाला नाही तर पुढचा मार्ग कोणता. त्यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारावा, की पुढचे तीन महिने त्या हाताला किंवा पायाला जपणे आपल्या कामात आणि घरात जमणार आहे का. उत्तर नाही असे असेल, तर इंजेक्शन पुढे ढकलावे आणि ते पैसे तोवर फिजिओथेरपीवर खर्च करावेत.